शेवटच्या पानापासून विमा वाचणाऱ्या चंपाताई

तर काल आपण चंपाताईंना जेवणाच्या टेबलाशी बसवून उठलो होतो. हातात लेकाच्या क्रेडिट कार्डाचं अडतीस पानी माहितीपत्रक, आणि ते उघडलेलं थेट शेवटच्या पानावर. समोर लेक अभिनव, हसून हसून बेजार.

“आई, कादंबरी आहे का ती, शेवट आधी बघायला?”

“कादंबरी असती तर पहिल्यापासून वाचली असती,” चंपाताई म्हणाल्या आणि पोलादी पट्टी एक ओळ वर सरकवली.

खिडकीपाशी खुर्चीत त्यांचे मालक कचरूभाऊ ओव्हाळ बसले होते. त्यांना काही हसू येत नव्हतं. त्यांचा सगळा जीव त्या पट्टीत अडकला होता. कारण बाईनं सकाळीच सांगून टाकलं होतं, परदेशात दवाखान्याची वेळ आली तर खर्च कोण देणार, ते कागदावर दिसल्याशिवाय हे विमानात बसणार नाहीत. विमान सात जूनला होतं. आणि तो दिवस होता मे महिन्याची बारा तारीख.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जाऊ. येरवड्यात नागपूर चाळीच्या मागच्या अंगाला ओव्हाळांचं दोन मजली घर. गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार. विहाराची मंडळी दर दोन-चार वर्षांनी श्रीलंकेला जातात. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, मिहिंतलेचा डोंगर, आणि ज्येष्ठ पौर्णिमेचा तिथला मोठा उत्सव. कचरूभाऊ पिंपरीच्या कारखान्यात लेथवर छत्तीस वर्षं उभे होते. पहिल्यांदा मंडळी गेली तेव्हा त्यांना रजा मिळाली नाही. दुसऱ्यांदा अभिनवचं इंजिनिअरिंग आडवं आलं. तिसऱ्यांदा सगळं जुळलं, तर निघायच्या महिनाभर आधी छातीत कळ आली आणि स्टेंट बसला. परत आलेल्यांच्या तोंडून त्या झाडाचं वर्णन त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की न गेलेल्यांना ते स्वतःच सांगायचे. “कठडा सोन्याचा हाय बरं का, आणि सावलीत गेलं की आपोआप आवाज खाली येतो.” ऐकणाऱ्याला वाटायचं, बुवा जाऊन आलेत.

या वर्षी जायचं म्हणजे जायचंच होतं, तेही चंपाताईंना घेऊन. दोन पांढरे सदरे शिवून कपाटात टांगलेले. गल्लीत ज्याला त्याला सांगून झालेलं. आणि आता सगळं येऊन थांबलं होतं बायकोच्या पट्टीखाली.

ती पट्टीही साधी नव्हे. चंपाताईंनी एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रुफं वाचली. दहावी झालेली मुलगी, कॉपी धरून मोठ्यानं वाचायच्या कामावर लागली आणि प्रमुख मुद्रितशोधक होऊन निवृत्त झाली. छापून आलेला कुठलाही कागद त्या शेवटच्या पानावरून, तेही खालून वर, एकेक ओळ पट्टीनं झाकत वाचतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की पहिल्या पानावर माणूस हुशार असतो आणि शेवटच्या पानावर पेंगलेला, आणि हे चुकीला बरोबर ठाऊक असतं. ती तिथंच जाऊन बसते.

एकदा नोकरभरतीची मोठी जाहिरात छापायला गेली होती. पहिल्या पानावर अर्जाची शेवटची तारीख पंधरा आणि अठराव्या पानाच्या तळटिपेत बारा. चार सह्या होऊन कागद यंत्रावर चढलेला. चंपाताई यंत्राच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजर म्हणाले, “ओव्हाळबाई, यंत्र सुरू झालंय.” बाई म्हणाल्या, “दिसतंय. बंद कसं करतात ते तुम्हाला माहीत असेल.” यंत्र थांबलं. त्या तीन दिवसांत कितीजणांचे अर्ज वाचले ते काही मोजलेलं नाही, पण मॅनेजर निवृत्त होताना भाषणात चौघांचेच आभार मानले, आणि त्यात बाई दुसऱ्या होत्या. कचरूभाऊ ही गोष्ट लेथवरच्या प्रत्येक नव्या पोराला सांगत. बायकोनं सरकार थांबवलं, असंच ते सांगायचे.

आता मात्र सरकार नव्हे, तेच थांबले होते.

“आई, ऐक तरी,” अभिनव म्हणाला. खराडीला कंपनीत कामाला, वर्षातून तीन-चारदा सिंगापूर, दुबई करणारा माणूस. “हे प्रीमियम कार्ड आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्स फ्री येतो यावर. एक कोटीचं कव्हर! वेगळी पॉलिसी कशाला घ्यायची?”

“एक कोटी कशाचे?”

“कव्हरचे.”

“पान एकतीस,” चंपाताईंनी वाचलं. “विमान अपघातात मृत्यू आल्यास. म्हणजे हे गेल्यावर मिळणार. आजारी पडल्यावर काय मिळतं ते सांग.”

अभिनवनं पानं चाळली. बराच वेळ चाळली.

“पान तेवीस,” चंपाताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “कोटीच्या मानानं चिंचोके आहेत. आणि तेही कार्ड ज्याच्या नावावर त्याला. कार्ड कुणाच्या नावावर?”

“माझ्या.”

“आणि जाणार कोण?”

“पप्पा आणि तू. मग तुमच्या नावानं ॲड-ऑन कार्डं काढू.”

“पान अकरा. पुरवणी कार्डधारकास लागू नाही. बरं, ते सोड. तिकीट याच कार्डावर काढलेलं असलं पाहिजे. पान नऊ, खालून चौथी ओळ. यांचं तिकीट कुणी काढलं?”

इथं कचरूभाऊंनी खुर्चीत चुळबुळ केली. विहाराची रीत अशी, की ज्याला जायचंय त्यानं माघी पौर्णिमेच्या वंदनेनंतर पैसे समितीच्या उत्तरेश्वर गायकवाडांच्या हातात द्यायचे. उत्तरेश्वर ते बँकेत भरतात आणि तेवीस जणांची तिकिटं एकदम काढतात, म्हणजे सगळी मंडळी ओळीनं शेजारी शेजारी बसतात. एकट्यानं वेगळं तिकीट काढणं म्हणजे पंगतीत स्वतःचा डबा आणल्यासारखं. इतक्या वर्षांत कुणी काढलं नव्हतं. कचरूभाऊंनीही पौर्णिमेला दोघांच्या पैशांचं पांढरं पाकीट दिलं होतं, हात जोडले होते आणि आनंदानं घरी येऊन दोनदा चहा घेतला होता. त्या पाकिटानं लेकाच्या कार्डाची अख्खी अडतीस पानं रद्द झालीत, हे त्यांना आज कळलं.

“म्हणजे कार्ड खोटं म्हण की सरळ!” ते म्हणाले.

“खोटं कशाला? चांगलं आहे,” चंपाताई म्हणाल्या, आणि त्यांचं हेच कचरूभाऊंना आवडायचं. राग आला म्हणून बाई कागदाला नावं ठेवत नसत. “अभिनव, तुझ्या कामाला हे झकास आहे. एकटा जातोस, तिकीट यावरच काढतोस, चार दिवसांत परत येतोस, धडधाकट आहेस. गेल्या साली तुझी बॅग दुबईला दोन दिवस राहिली ना? पान सात बघ. मागितले असतेस तर कपड्यांचे पैसे मिळाले असते.”

अभिनवनं पान सात बघितलं. त्याचं हसणं तिथं संपलं. “शिट, आई. हे मला माहीतच नव्हतं.”

“पाच वर्षं खिशात घेऊन फिरतोयस.”

मग मायलेकांनी ठरवलं, की आई-पप्पांचा स्वतंत्र प्रवास विमा घ्यायचा. एका फेरीचा. आईचा लगेच झाला, मग अभिनवनं फोनवर पप्पांचा फॉर्म उघडला. नाव, पासपोर्ट, तारखा. बोट भराभर चाललं होतं. ‘पूर्वीचा काही आजार?’ या प्रश्नाशी ते जरा थबकलं आणि ‘नाही’कडे निघालं.

“बोट उचल,” चंपाताई म्हणाल्या.

“आई, सगळे हेच करतात. यस म्हटलं की ते वाढवत बसतात.”

“चंपा, नाही म्हण की,” कचरूभाऊंनीही लावून धरलं. “स्टेंट काय बाहेरून दिसतोय व्हय?”

“तिथल्या डॉक्टरला आतून दिसेल. मग तो लिहील, कंपनी वाचेल, आणि तेवढ्या एका ‘नाही’साठी सगळं नाकारेल. आपण पैसे भरून रद्दी विकत घ्यायची का?”

‘होय’ झालं. आणि तीन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, की दिलगीर आहोत, आपल्याला विमा देता येत नाही.

घरात जी शांतता पसरली ती दोन दिवस उतरली नाही. कचरूभाऊ भांडणारे नव्हेत. ते फक्त बोलायचे थांबतात. सकाळी उठून बंडगार्डनच्या पुलापर्यंत चालत जायचे, परत यायचे, ताट समोर आलं की जेवायचे. कपाटातले सदरे त्यांनी काढून ट्रंकेत ठेवले, आणि ट्रंक लावताना चंपाताईंना ऐकू जाईल इतपत आवाज केला. खरं बोलण्यापायी आपलं झाड गेलं, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं. बाईवर राग धरता येत नव्हता, कारण ती चुकली नव्हती. आणि न चुकलेल्या माणसावरचा राग फार चिकट असतो, सहज निघत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेश्वर गायकवाड आले. जय भीम झाला, पाणी झालं.

“वहिनी, पंधरा वर्षं माणसं नेतोय. अजून एकाला काही झालेलं नाही. कशाला हा विम्याचा घोळ?”

“झालं नाही, का तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“अहो, सगळे धडधाकट परत आलेत!”

“म्हणूनच विचारते. पंधरा वर्षांपूर्वी हेही धडधाकट होते. तुम्हीही होता.” उत्तरेश्वरांच्या गुडघ्याला पट्टा होता, तिकडे बाईंनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

उत्तरेश्वर हसले. “मग भाऊंचं नाव कमी करू का? एक जण थांबलाय रांगेत.”

खुर्चीत कचरूभाऊंनी श्वास धरला. इतका वेळ राग होता, आता भीती आली. नाव कमी झालं की संपलं. पुढच्या खेपेला ते बहात्तर-त्र्याहत्तरचे असतील, कोण नेतंय?

“एकतीस मेपर्यंत हात लावू नका नावाला,” चंपाताई म्हणाल्या. “मी अजून सगळं वाचलेलं नाही.”

त्या रात्रीपासून टेबलावर कागद पसरले गेले. अभिनव ऑफिसातून छापून आणायचा, कारण फोनवर पट्टी ठेवता येत नाही. एका फेरीचे विमे एकीकडे, वर्षाचे दुसरीकडे. वर्षाचा विमा असा, की एकदा घेतला की वर्षभरात हव्या तितक्या वेळा परदेशी जा, फक्त एकेका फेरीला दिवसांची मर्यादा. अभिनवनं ते कागद सुरुवातीलाच बाजूला सारले होते. “एकदाच जाणाऱ्याला वर्षाचा कशाला?” म्हणून. चंपाताईंनी तेच आधी ओढले. बाजूला सारलेलं आधी वाचायचं, ही छापखान्याची सवय.

एका कंपनीच्या वर्षाच्या विम्यात त्यांना हवं ते सापडलं. आधीपासूनचा आजार प्रामाणिकपणे सांगितला, डॉक्टरनं तपासून मान्य केला, तर त्या आजारातून जिवावर बेतल्यास खर्च कंपनी देणार. हप्ता जरा चढा. आणि वय सत्तरच्या आत. कचरूभाऊ एकोणसत्तर वर्षांचे. अभिनवनं फॉर्म भरला, सुरुवातीची तारीख सात जून घातली आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. वय मर्यादेबाहेर.

“असं कसं?” अभिनव म्हणाला.

“एक जूनला सत्तर पूर्ण होतात यांना,” चंपाताई म्हणाल्या.

इथं कचरूभाऊंचं दोन दिवसांचं मौन फुटलं. “मी सत्तरचा न्हाई! अडुसष्ट पण पुरता न्हाई!”

आणि हे खरंच होतं. कचरूभाऊ करमाळ्याकडच्या खेड्यातले. शाळेत घालायला वडील घेऊन गेले तेव्हा जन्मतारीख कुणाला ठाऊक? मास्तरांची परीक्षा एकच. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला तर पोरगं सहा वर्षांचं झालं. कचरूचे हात लहानपणापासून लांब. चार वर्षांच्या पोरानं एका झटक्यात कान धरला, वर मास्तरांना धरून दाखवला आणि सोडेचना. मास्तरांनी सहा वर्षं लिहिली, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहिलं. त्या वर्गातली सत्तावीस पोरं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. विहाराच्या सहलीतल्या तेवीस जणांमधले नऊ जण एक जूनचे. पोलीस खात्यातल्या माणसानं पासपोर्ट तपासताना विचारलं होतं, की सगळे जुळे आहात काय.

“तूच म्हणतीस ना खरं सांगायचं?” कचरूभाऊ उठून टेबलापाशी आले. “मग सांग की त्यांना खरं! स्टेंट खरा सांगतीस आणि वय खोटं?”

अभिनव आईकडे बघायला लागला. प्रश्न बिनतोड होता.

चंपाताईंनी चष्मा काढला. “अहो, तुमचा स्टेंट तुमच्या छातीत आहे, तो कुणीही तपासून बघू शकतो. तुमचं वय कुठं आहे? मास्तरांच्या रजिस्टरात. तीच मूळ प्रत. त्यावरून दाखला, दाखल्यावरून नोकरी, नोकरीवरून पेन्शन, पासपोर्ट, सगळं. मूळ प्रतीत आहे तेच छापायचं. आपल्याला आवडत नाही म्हणून प्रूफ वाचणाऱ्यानं तारीख बदलायची नसते.”

“मग माझं झाड गेलं म्हण.”

“बसा,” चंपाताई म्हणाल्या. आणि आवाज असा काही मऊ होता, की कचरूभाऊ बसले. “कार्डाचं पुस्तक वाचलं ना, त्यात वय प्रवासाच्या दिवशी मोजतात. पान सव्वीस. मी म्हटलं, सगळीकडे तसंच असेल. पण गृहीत धरायचं नसतं. हे बघा. शेवटून दुसरं पान, शब्दांचे अर्थ.” त्यांनी पट्टी ठेवली आणि सावकाश वाचलं. “वय म्हणजे विमा सुरू होण्याच्या दिवशी पूर्ण झालेली वर्षं.”

अभिनवनं वाकून ती ओळ परत वाचली.

“म्हणजे...” अभिनव.

“म्हणजे विमा सात जूनला सुरू करायचाच कशाला? एक जूनच्या आत सुरू करायचा. सुरू झाला त्या दिवशी हे एकोणसत्तर. मग वर्षभर चालेल. सत्तर झाले तरी चालेल. एका फेरीच्या विम्याला हे जमणार नाही, तो निघायच्या दिवशीच सुरू होतो. वर्षाचाच पाहिजे.”

“पण आई, जायच्या आधीचे आठवडाभर फुकट जातील ना.”

“जाऊ दे. आठवडाभर घरात बसून विमा खाऊ दे यांना.”

कचरूभाऊंनी त्या दिवशी संध्याकाळी ट्रंक उघडली. आवाज न करता. सदरे परत कपाटात गेले.

पण अजून कुठं झालं होतं! अर्ज गेला एकवीस मेला. कंपनीची डॉक्टर फोनवर चौकशी करणार, मग होकार द्यायचा का नाही ते ठरणार. एकतीस मे हा शेवटचा दिवस. एक दिवस पुढं गेलं की कचरूभाऊ कागदावर सत्तरचे. बावीस गेली, तेवीस गेली. कचरूभाऊंनी फोन आंघोळीलाही बरोबर नेला. फोन सत्तावीसला आला, आणि तोही ते जेवायला बसले असताना. चंपाताईंनी स्पीकर लावला आणि पाटी-पेन्सिल जवळ ओढली. पलीकडे एक तरुण मुलगी, आवाज गोड.

“सर, स्टेंट कधी बसवला?”

“तीन वर्षं झाली. पण काही त्रास न्हाई बरं का. रोज बंडगार्डनच्या पुलापर्यंत जातो. येताना पळतो.”

चंपाताईंनी पाटीवर लिहून दाखवलं, ‘पळत नाही.’

“म्हणजे पळत न्हाई. पळावंसं वाटतं.”

मुलगी हसली असावी. “सिगारेट, बिडी?”

“सोडली.”

“कधी सोडली?”

कचरूभाऊंनी बायकोकडे बघितलं. बायको त्यांच्याकडे. लेथवरची सवय, दिवसाला दोन. स्टेंटनंतर एक. कुणाला माहीत नसलेली, म्हणजे फक्त चंपाताईंना माहीत असलेली.

“डॉक्टर,” कचरूभाऊ म्हणाले, “आज सोडली. ह्याच मिनिटाला. कालपर्यंत एक होती.”

चंपाताईंनी पाटीवर काही लिहिलं नाही. त्यांनी पाटी पालथी ठेवली आणि नवऱ्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

अठ्ठावीस, एकोणतीस. काही नाही. कचरूभाऊंना वाटलं, बिडी नडली. खरं बोलून आधीच एकदा हात पोळला होता. पण या खेपेला त्यांनी ट्रंक उघडली नाही. ते म्हणाले, “चंपा, नाही आलं तरी मी रागवायचा न्हाई.” बाई म्हणाल्या, “रागवाल. पण एक दिवसच.”

तीस तारखेला दुपारी अभिनवचा फोन आला, की पॉलिसी आली, सुरुवात एकतीस मे. तो ऑफिसातून निघाला, वाटेत छापून घेतली, आणि घामाघूम होऊन दारात उभा राहिला. कचरूभाऊंनी कागद हातात घेतले, कपाळाला लावले आणि बायकोला दिले. हसू मात्र त्यांनी अजून राखून ठेवलं होतं. चंपाताई टेबलाशी बसल्या, शेवटचं पान काढलं, पट्टी ठेवली. चौतीस पानं. बापलेक समोर दोन खुर्च्यांवर, निकालाला बसल्यासारखे. चहा निवला. पान बाराला बाई थांबल्या, पेन्सिल उचलली, दोघं खुर्चीतून पुढं सरकले. पेन्सिलीनं त्यांनी कान खाजवला आणि पुढं गेल्या. एक तास वीस मिनिटांनी त्या पहिल्या पानावरच्या नावापाशी पोचल्या. नाव, पासपोर्टचा क्रमांक एकेक आकडा उलट्या क्रमानं, जन्मतारीख एक जून, आजारांच्या रकान्यात स्टेंट आणि त्याखाली बिडीसुद्धा.

“स्वच्छ आहे,” चंपाताई म्हणाल्या. एकतीस वर्षं छापखान्यात याच दोन शब्दांवर यंत्र सुरू व्हायचं.

कचरूभाऊंनी फोन लावून उत्तरेश्वरांना सांगितलं, आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं, की फोनची गरज नव्हती.

मग काय विचारता! ही गोष्ट गल्लीत पसरली आणि पुढच्या चार संध्याकाळी ओव्हाळांच्या ओट्यावर माणसं कागद घेऊन बसलेली. चंपाताईंनी सगळ्यांना विमाच घ्या असं सांगितलं नाही, हे विशेष. कर्वेनगरची कल्याणी म्हणून एक बँकेतली मुलगी सहलीला येणार होती. ती तेवीस जणांबाहेरची, परस्पर चेन्नईहून निघून मंडळींना तिथंच भेटणार, म्हणून तिनं तिकीट स्वतःच्या कार्डावर काढलेलं. तिचं कार्डाचं पुस्तक खालून वर वाचून बाई म्हणाल्या, “तुला वेगळं काही नको. फक्त निघायच्या आधी महिनाभरात एकदा तरी हे कार्ड वापर, नाहीतर पान चौदाप्रमाणे ते झोपलेलं असेल.” बाकीच्यांपैकी अकरा जणांनी एका फेरीचा विमा घेतला. उत्तरेश्वरांनी गुडघ्याच्या पट्ट्यासकट खरं खरं लिहून घेतला. नाइलाजानं घेतला असं ते सांगतात, पण कागद खिशात ठेवून फिरत होते.

सात जूनला तेवीस जण निघाले. अनुराधपूरला पौर्णिमेच्या गर्दीत, पांढऱ्या कपड्यांच्या त्या समुद्रात, कचरूभाऊ झाडाखाली उभे राहिले. तिथं ते कुणाला काही सांगत नव्हते. पहिल्यांदाच. मिहिंतलेच्या पायऱ्या त्यांनी बेतानं चढल्या, दर वीस पायऱ्यांना बसत, आणि बायको शेजारी बसली की पाठ सरळ करत. चंपाताईंच्या खांद्यावरच्या पिशवीत कंपनीचा नंबर लिहिलेला कागद होता. तो एकदाही काढावा लागला नाही. कुणाला ताप नाही, कुणाची बॅग हरवली नाही. उत्तरेश्वरांचा गुडघासुद्धा शहाण्यासारखा वागला.

पंधराला सकाळी मंडळी येरवड्यात उतरली. अभिनव गाडी घेऊन आला होता. पप्पांचा रापलेला, तृप्त चेहरा बघून तो खुशीत होता, आणि खुशीत असला की त्याला आईची थट्टा सुचते. सामान डिकीत टाकता टाकता तो म्हणाला, “काय मग आई, एवढं रान उठवलंस आणि झालं काहीच नाही. तुझी ती पॉलिसी शेवटी वायाच गेली ना?”

कचरूभाऊ हसत बायकोकडे बघायला लागले. चंपाताईंनी पिशवी खांद्यावर नीट केली आणि लेकाला सांगितलं:

“वाया कशी जाईल? पुढच्या तीस मेपर्यंत चालते ती, आणि एका फेरीला तीस दिवसांच्या वर राहायचं नाही एवढंच. यांना आता लुंबिनी बघायचीय म्हणे, तर हिवाळ्यातली तारीख बघून ठेव.”